कंस काढ, मग बटण चालेल

आतापर्यंतचे तुझे पायथॉन प्रोग्रॅम वरून खाली चालायचे. 'नाव टाका' म्हणून विचारायचं आणि उत्तराची वाट बघत थांबायचं. टीकिंटर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायची पायथॉनची लायब्ररी, वापरून खिडकी आली की सूत्रं वापरणाऱ्याच्या हातात जातात. तू फक्त सांगून ठेवायचं, अमुक बटण दाबलं की तमुक फंक्शन चालव.

टीकिंटरमध्ये पहिली ठेच बहुतेकांना इथेच लागते. बटणाच्या 'कमांड'पुढे, म्हणजे दाबल्यावर काय चालवायचं ते सांगायच्या जागी, फंक्शनचं नाव देताना सवयीने कंसही टाकले जातात. मग खिडकी दिसायच्या आधीच फंक्शन चालून मोकळं होतं आणि बटण दाबलं तर ढिम्म! कंस म्हणजे 'आत्ता चालव'. नुसतं नाव म्हणजे 'हे जवळ ठेव, वेळ आली की चालव'. मी यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

प्रोग्रॅमच्या शेवटी लिहितोस तो मेनलूप इव्हेंटच्या, म्हणजे खिडकीत घडणाऱ्या गोष्टींच्या, रांगेवर बसलेला असतो. क्लिक आला, कीबोर्डवरची की दाबली, खिडकी पुन्हा रंगवायची, सगळं एकामागून एक. तुझं फंक्शन संपेपर्यंत रांग पुढे सरकत नाही. म्हणूनच त्यात ५ सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबून राहायची आज्ञा) टाकलास तर खिडकी ५ सेकंद गोठते. घड्याळ करायचंय? 'आफ्टर' वापर, म्हणजे 'इतक्या वेळाने हे फंक्शन चालव'. आकडा मिलिसेकंदात असतो, म्हणजे १ सेकंदाला १०००. फंक्शनच्या शेवटी परत 'आफ्टर' लाव, नाहीतर घड्याळ एकदाच हलेल.

थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवायच्या, भानगडीत इतक्यात पडू नकोस. आधी क्लिक मोजणारं एक बटण कर. मोजणी फंक्शनच्या आत ठेवलीस तर ती दर क्लिकला नव्याने सुरू होऊन १ वरच अडकेल. क्लास, म्हणजे आकडा आणि फंक्शन एकत्र सांभाळणारी चौकट, कशाला लागतो, ते तिथे कळेल.