फोटोत बॅच नंबर दिसत होता

पत्र थोडक्यात असं: 'मी डिचोलीची. एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत चालू आहे. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) पीक टेलिंग येत होतं, म्हणजे आलेखातल्या शिखराला मागे शेपूट येत होती, म्हणून क्यूसीवाल्यांच्या (औषधाचा दर्जा तपासणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनचा फोटो टाकला, खाली "अर्जंट, प्लीज हेल्प" लिहिलं. एका सिनियर सरांनी सगळ्यांदेखत झापलं, "आधी बेसिक वाचून या." मीही तोडीस तोड उत्तर दिलं आणि ग्रुप सोडला. गोवा एवढासा, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. नोकरी मिळताना हे आड येईल का?'

बाय, नोकरीचं नंतर बघू, आधी तो फोटो. तू मला पाठवलास त्यात वरच्या कोपऱ्यात प्रॉडक्टचं नाव आणि बॅच नंबर स्वच्छ वाचता येतो. औषध कंपनीत हे बाहेर जाऊ देत नाहीत. प्रोजेक्टला घेताना गोपनीयतेच्या कागदावर तुझी सही घेतली असेल, तर तो कागद काढून वाच. असल्या ग्रुपमध्ये शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीची माणसंही असतात. आजच ॲडमिनला लिही. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. मग कंपनीतल्या गाइडला स्वतःहून सांग. कुणी फोटो सेव्ह केला असेल तर तो आता तुझ्या हातात नाही, म्हणूनच ही गोष्ट त्यांना तुझ्या तोंडून कळलेली बरी. ओरडा बसेल, ऐकून घे.

आता सरांकडे वळू. शिकाऊ मुलीला चारचौघांत असं बोलायला नको होतं, हे माझं स्पष्ट मत. पण त्यांच्या बाजूनेही एकदा बघ. शिफ्ट संपवून घरी आलेला माणूस फुकटात आपला वेळ देतो, आणि समोर नुसता फोटो आणि 'अर्जंट'. टेलिंगची कारणं ढीगभर. कॉलम (ज्यातून सॅम्पल जातं ती भरलेली नळी) जुना झाला असेल, सॅम्पल जास्त गेलं असेल, डायल्युएंट (सॅम्पल विरघळवायचा द्रव) मोबाइल फेजशी (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाशी) जुळत नसेल, किंवा औषध बेसिक म्हणजे अल्कधर्मी असेल आणि कॉलममधल्या सिलिकावरचे मोकळे सिलॅनॉल गट त्याला धरून ठेवत असतील. काहीच माहिती नसेल तर उत्तर देणाऱ्याला आधी दहा प्रश्न विचारावे लागतात. बहुतेक जण विचारत नाहीत, मेसेज सरकवून पुढे जातात. एखादा वैतागतो.

तुझा प्रश्न असा असता तर? 'बेसिक औषध आहे (नाव देऊ शकत नाही). सी१८ कॉलम, २५० बाय ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. फॉस्फेट बफर आणि ॲसिटोनायट्राइल, पीएच ६.५. टेलिंग फॅक्टर २.४ येतो. इंजेक्शन व्हॉल्यूम निम्मं करून पाहिलं, फरक नाही. पीएच ३ च्या आसपास आणावा की एंड-कॅप्ड कॉलम घ्यावा?' यात गुपित काही फुटत नाही, आणि वाचणाऱ्याला कळतं की मुलीने हात चालवले आहेत. उद्या इंटरव्ह्यूच्या टेबलापलीकडे यांच्यातलाच कोणी बसलेला असू शकतो. तेव्हा गोवा लहान आहे ते तुझ्या फायद्याचंच.

ऑक्टोबर १९९५मध्ये आरएफसी १८५५ या नावाने इंटरनेटवरच्या वागणुकीचे नियम निघाले. व्हॉट्सॲप यायला तेव्हा अजून चौदा वर्षं होती. त्यातल्या दोन गोष्टी तुला थेट लागू पडतात: नव्या चर्चागटात एक-दोन महिने नुसतं वाचा, मग लिहा, आणि राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबवा. एक-दोन महिने आजच्या काळात जास्तच होतात, मला आठवडाभर पुरे वाटतो. तेवढ्यात जुन्या मेसेजमध्ये 'टेलिंग' शोधलं असतंस तर कदाचित उत्तर तिथेच सापडलं असतं. रात्रभर थांबण्यात मात्र सूट नाही.

बाकीचं पटकन सांगते. कुणाला पर्सनलवर नुसतं 'हाय सर' टाकून वाट बघू नकोस, त्याच मेसेजमध्ये काम सांग. ग्रुपमध्ये हैदराबाद-अहमदाबादची माणसं असतील तर आपलं कोंकणी-मराठी बोलणं बाजूला ठेव. नोकरीच्या जाहिरातीखाली 'इंटरेस्टेड' लिहून काही होत नाही, दिलेल्या ईमेलवर अर्ज कर. बायोडेटा ग्रुपवर टाकू नकोस, त्यात तुझा पत्ता आणि फोन असतो. आणि चवथीच्या शुभेच्छांनी दोनशे मेसेज भरतात, त्यात दोनशेएकावा तुझा नसला तरी गणपती रागावणार नाही.

सरांना पर्सनलवर तीन ओळी लिही: फोटो टाकायला नको होता, उलट बोलले तेही चुकलं, फोटो डिलीट करायला ॲडमिनना सांगितलं आहे. स्पष्टीकरण नको, 'पण तुम्हीसुद्धा' तर नकोच. त्यांचं उत्तर नाही आलं तरी चालेल. मग ॲडमिनला विचारून परत ये. अशा ग्रुपमध्ये तावातावाने भांडलेली माणसं आठवड्याने त्याच कॉलमवर गप्पा मारताना मी पाहिली आहेत, तेव्हा नोकरीची धास्ती सोड.

आणि टेलिंग सुटलं की कशाने सुटलं ते तिथे लिही. मदत मागणारे पुष्कळ असतात, शेवटी काय झालं हे सांगायला फारसं कोणी येत नाही, आणि सिनियर लोकांना नेमकं तेच हवं असतं. वरचा नमुना प्रश्न मात्र गाइडना दाखवल्याशिवाय टाकू नकोस. त्यातलं काय बाहेर सांगता येतं ते तेच ठरवतील.