रिंगच्या जागी स्वतःचा आवाज: सुरुवात कुठून करायची

भाऊ, गिऱ्हाईकाने दुकानात फोन केला की रिंगच्या जागी त्याला ऑर्डर, पाऊस, सणवार बघून आपला आवाज ऐकवायचा, ही तुझी आयडिया झकास आहे, इंदूरात नमकीनच्या दुकानाला तर फारच कामाची. पण ऑर्डरची शीट, पाऊस, सणवार सगळं पहिल्याच दिवशी जोडायला जाऊ नकोस.

आधी अॅस्टरिस्कमध्ये (दुकानाचे कॉल हाताळणारं फोन-सॉफ्टवेअर) एकच ठरलेला आवाज वाजव. डायलमध्ये (कॉल पुढे फोनला जोडणारी कमांड) आर (लहान r) ऑप्शन असेल तर साधी रिंग ऐकू जाते, त्याऐवजी एम (लहान m) टाक आणि पुढे म्युझिक ऑन होल्डच्या क्लासचं, म्हणजे वाजवायच्या फाइलींच्या संचाचं, नाव दे, बस. फाइल मोनो, ८ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह ठेव. हे बाहेरच्या मोबाइलवरून नीट ऐकू आलं की मगच पुढे जा, कारण आतल्या एक्स्टेंशनवरून (दुकानातल्याच फोनवरून) लावलं की वाजतं आणि बाहेरून कॉल आला की गप्प, असं खूप जणांचं होतं. तेव्हा डायलच्या आधी प्रोग्रेस लाव, ही कमांड कॉल न उचलताच आवाज पलीकडे जाऊ देते. आन्सर कमांड लावू नको हं, त्याने कॉल उचलला असं धरलं जातं आणि समोरच्याचं बिल सुरू होतं.

मग बाहेरची माहिती. फोन करणाऱ्याचा नंबर ऑर्डरच्या शीटमध्ये शोधायचा, ऑर्डर तयार असेल तर ‘आपका ऑर्डर तैयार है’वाला क्लास, नाहीतर नेहमीचा. इथे नवे लोक दोनच गोष्टींत अडकतात:

- नंबर कधी +९१ लावून येतो, कधी ० लावून, म्हणून शेवटचे १० आकडेच जुळव.
- कर्लला (नेटवरून शीटमधली माहिती आणणारं फंक्शन) टाइमआउट, म्हणजे थांबायची मर्यादा, दे, १-२ सेकंद पुरे. उत्तर नाही आलं तर साधी रिंग वाजू दे, गिऱ्हाईक ताटकळायला नको.

एजीआय (अॅस्टरिस्कला बाहेरचा प्रोग्राम जोडायची सोय) वगैरे नंतर बघू. आधी प्रोग्रेसवालं करून सांग, अडलं तर लॉग टाक.