मागचे बुश गेलेत: साडेसात हजार की अडतीस हजार?

साताऱ्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. २०१२ ची पेट्रोल होंडा सिटी, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. स्पीडब्रेकरवरून उतरलं की मागून धडधड होते आणि पुण्याहून परतताना खंबाटकी घाटातल्या वळणांवर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो. नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, मागच्या अ‍ॅक्सलचे बुश (अ‍ॅक्सल बॉडीला जोडतो तिथल्या रबरी गाद्या) कट झालेत. कंपनीचे रबरी बुश घालून मजुरीसह ७,५०० रुपये होतील. दुसऱ्या गॅरेजचं म्हणणं, एवढं खोलतोच आहोत तर पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारखे) बुश, भारी शॉकअप आणि नव्या स्प्रिंगा टाकून घ्या. ३८,००० रुपये, कार्डावर विनाव्याज हप्ते. वहिनी म्हणतात, गाडीच काढून टाका. एक एजंट १ लाख ६० हजार द्यायला तयार आहे. घरखर्च महिना ४०,०००, अडीअडचणीसाठी बाजूला ९०,०००, आणि मुलीच्या शिक्षणासाठी ४,००० ची आरडी चालू. ती पुढच्या वर्षी बारावीला.

उत्तर आधी देतो. साडेसात हजारांचं काम याच महिन्यात करा. अडतीस हजारांचं करू नका. विकायचं की ठेवायचं, ते आरसीची मुदत बघून ठरवू.

तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, आणि सगळ्या हिशेबात तीच मला सर्वांत मोठी वाटते. मागचे दोन टायर ११,००० ला बदलले आणि १५,००० किलोमीटरमध्येच त्यांची आतली कड झिजली. बुश ढिले पडले की चाक तिरकं ओढलं जातं, म्हणून. असे टायर नीट चालले तर ४०,००० किलोमीटर सहज जातात. म्हणजे किलोमीटरमागे साधारण २७ पैसे पडायचे तिथे तुम्हाला ७३ पैसे पडतायत. तुमचं वर्षाचं रनिंग १०,००० किलोमीटर. खराब बुशांपायी नुसत्या टायरमध्ये वर्षाला साडेचार हजारांच्या वर जातायत, आणि त्याचं बिल कुणी वेगळं देत नाही म्हणून ते दिसत नाहीत. या एका बचतीतच ७,५०० रुपये सुमारे वीस महिन्यांत वसूल होतात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारावा लागला आणि मागची चाकं सरळ रेषेत नसली तर काय होईल, ते मी रुपयांत मांडणार नाही. घरची माणसं त्याच गाडीत बसतात.

पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून स्वतः खाली उभे राहा. बॅटरीच्या उजेडात बुश बघा: रबराला आडव्या भेगा आहेत का, रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलंय का. मेकॅनिकला पहार लावून अ‍ॅक्सल हलवायला सांगा; चांगला बुश जेमतेम दबतो, गेलेला असेल तर अ‍ॅक्सल मागेपुढे सरकताना स्पष्ट दिसतो. मग टायरच्या आतल्या कडेवरून तळवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाक तिरकं ओढलं जातंय. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर तेही बदला, दोन्ही बाजूंचे, पण कंपनीचेच. ती दुरुस्ती आहे, तिला माझी ना नाही.

आणखी एक गोष्ट मेकॅनिकशी आधीच बोलून घ्या. बुश प्रेसवर बसवून झाले की अ‍ॅक्सलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, तिचं वजन खाली आल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि जो बुश काही वर्षं टिकायचा तो काही महिन्यांत फाटतो. तीच मजुरी दोनदा भरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. या कामात बुश स्वस्त असतात आणि मजुरी महाग, हे लक्षात असू द्या.

आता पॉलियुरेथेन. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही; तेलाने, उन्हाने रबराइतकं लवकर खराब होत नाही आणि वळणावर गाडी घट्ट धरून ठेवतं. पण तुमच्या गाडीची दोन्ही मागची चाकं एकाच आडव्या बीमने जोडलेली आहेत. एक चाक खड्ड्यात गेलं की बीम पिळते आणि बुशला दोन-तीन दिशांनी एकदम द्यावं लागतं. रबर ते मुकाट देतं. पॉलियुरेथेन कडक, त्यामुळे खड्ड्याचा हादरा सरळ बॉडीत येतो आणि ग्रीस संपलं की ते कुरकुरायला लागतं. घाटात वेगाने गाडी चालवणं हा ज्याचा शौक आहे त्याने जरूर टाकावं. तुम्हाला आवाज बंद व्हायला हवाय.

आणि शौक असता तरी तुमच्या आजच्या स्थितीत मी थांबवलंच असतं. तुमचे ९०,००० म्हणजे सव्वादोन महिन्यांचा घरखर्च. तो निदान चार महिन्यांचा व्हायला हवा, तिथे ३८,००० काढले तर सव्वा महिन्याचाच उरतो, तोही मुलीच्या प्रवेशाच्या तोंडावर. विनाव्याज हप्त्यांतही बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते, शिवाय रोखीत मिळाली असती ती घासाघीस गेली. आरडी मोडायचा विचारही नको. माझा स्वतःचा मापदंड असा: जुन्या गाडीवर वर्षाला तिच्या आजच्या किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत दुरुस्ती चालेल. तुमच्या गाडीला ते १६,००० होतात. ३८,००० म्हणजे जवळपास चोवीस टक्के, आणि विकताना गिऱ्हाईक त्याचा एक रुपयाही जास्त देणार नाही.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नवी गाडी खुणावते आणि जुनीचा भाव दबतो. पण हिशेब करून बघा. सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, एकूण व्याज १ लाख ४७ हजार. मुलगी कॉलेजात असताना पाच वर्षं दर महिन्याला हा हप्ता. सिटीचं इंजिन ठणठणीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. बुश गेले म्हणून ती विकण्यात मला अर्थ दिसत नाही. उद्या विकायचीच ठरली तरी धडधडणारी गाडी एजंटला दाखवू नका. तो साडेसात हजारांच्या कामाचे वीस हजार कापेल.

खरी तारीख आहे २०२७. तेव्हा गाडीला १५ वर्षं होतील आणि आरसीचं नूतनीकरण करावं लागेल. त्याची केंद्राने ठरवलेली फी मोटारीला ५,००० रुपये आहे, त्यावर राज्याचा पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. दिल्ली परिसरात १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीवर जी बंदी ऐकता ती महाराष्ट्रात नाही, त्या भीतीने कुणी भाव पाडून मागत असेल तर बळी पडू नका. एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसवायची राहिली असेल तर ती आधी उरका.

तोवर दर महिन्याला २,००० रुपये गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका. नूतनीकरण, विमा आणि पुढचे टायर त्यातूनच. अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. त्याच्या महिनाभर आधी गाडी पुन्हा रॅम्पवर घ्या: खालचा पत्रा गंजलेला निघाला किंवा इंजिन तेल प्यायला लागलं असेल तर विका, नसेल तर पाच वर्षं आणखी चालवा. बुशांचं बिल, अलाइनमेंटच्या (चाकं सरळ आहेत का याच्या मोजणीच्या) कामाआधीचा आणि नंतरचा कागद जपून ठेवा. दोन्ही निर्णयांत तो उपयोगी पडेल.