वाचकांचे प्रश्न : कोजागरीच्या भरतीत उभी राहिलेली गाडी

प्रश्न : मागील कोजागरीला आमचे सारे कुटुंब दोन गाड्यांतून साताऱ्याहून गुहागरला गेले. समुद्रकिनारी चांदण्यात बसून मसाला दूध प्यावे, ही सासूबाईंची जुनी हौस होती. कुंभार्ली घाटात भाच्याला उलटी झाली आणि ती नेमकी नणंदबाईंच्या नव्या साडीवर झाली. घरून तापवून नेलेले दूध गुहागरला पोहोचेपर्यंत नासले. दुसरे दूध मिळवले, पण वाऱ्यामुळे स्टोव्ह पेटेना, आणि पेटला तेव्हा वेलदोड्याबरोबर वाळूही पातेल्यात पडली. एवढ्यात, सायंकाळी पाण्यापासून दूर, घट्ट वाळूवर उभी केलेली आमची गाडी लाटांमध्ये उभी असल्याचे मामंजींना दिसले. गावकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली. तेव्हापासून घरात दोष कोणाचा यावर वाद चालू आहे. यजमान समुद्राला दोष देतात, मामंजी यजमानांना देतात आणि सासूबाई तिथीविरुद्ध एक शब्दही ऐकून घेत नाहीत. पुन्हा जायचे झाल्यास आम्ही काय पाहावे?
— एक गृहिणी, सातारा

उत्तर : आपले पत्र वाचताना आम्हांला हसू आवरले नाही, याबद्दल आपल्या नणंदबाईंची आधी क्षमा मागतो. समुद्राला मात्र या प्रकरणात निर्दोष सोडावे लागेल, कारण तो ठरल्या वेळी आला.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : पक्षातील तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि सायंकाळी सहाच्या आसपास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. त्यात थोडेफार मागेपुढे होते, पण सहलीपुरता तो पुरेसा आहे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे आपण सायंकाळी पोहोचलात तेव्हा पाणी जवळजवळ सर्वांत मागे होते. त्यातही अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते, त्यामुळे उधाणाची भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीही नेहमीपेक्षा खाली जाते. आपल्या यजमानांना जी घट्ट, गाडी उभी करण्याजोगी वाळू दिसली, ती घट्ट होती याचे कारण एवढेच की ती काही वेळापूर्वी पाण्याखाली होती. एरवी अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाईच असते, तेव्हा ती सुरूच्या बनापलीकडे, रस्त्यालगत ठेवावी.

गाडी कधी रुतलीच, तर इंजिन जोरात फिरवून चाके आणखी खोल गाडू नयेत. चाकांतील हवा थोडी कमी करून पुढची वाळू उकरावी. पाणी इंजिनापर्यंत गेल्याची शंका असल्यास किल्ली फिरवू नये. आपल्या गाडीचा तळ आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुतले आहेत ना, हे एकदा पाहावे. खारे पाणी आपले काम सावकाश करते.

दुधाचा दोष मात्र घरचाच. तापवलेले दूध गरम असतानाच कॅनमध्ये बंद केले, तर ते ऑक्टोबरच्या उकाड्यात तासन्‌तास कोमट राहते, आणि नासण्याला याहून सोयीची स्थिती नाही. ते गुहागरलाच घेऊन, मुक्कामाच्या स्वयंपाकघरात आटवून, झाकणबंद भांड्यातून किनाऱ्यावर न्यावे. सोबत साताऱ्याचे कंदी पेढे असू द्यावेत. त्यांचा खवा चांगला भाजलेला आणि कोरडा असल्याने ते प्रवासात टिकतात. घाटाआधी भाच्याला पोटभर मिसळ खाऊ घालू नये व त्याला पुढच्या आसनावर बसवावे, आणि नव्या साड्या परतीच्या दिवशी नेसाव्यात.

दोष कोणाचा, यावर आमचे मत विचारले आहे असे समजतो. साऱ्या घरात पंचांग हातात घेतलेली एकच व्यक्ती होती आणि त्या आपल्या सासूबाई. त्यांना केवळ पाऊणपटीचा हिशेब ठाऊक नव्हता. पुढच्या सहलीचे नियोजन त्यांच्याकडे द्यावे. कोजागरीचाच आग्रह असेल, तर रात्री सव्वाअकराच्या सुमारास पाणी वरपर्यंत येईल हे धरून बैठक बरीच वर, सुरूच्या झाडांशी मांडावी, आणि अंधारात उधाणाच्या पाण्यात कोणीही, मामंजींनीसुद्धा, उतरू नये.