शेवटाशी भांडताना

प्रिय पोरी,

परवा रात्री तू फोनवर पाऊण तास बोललीस आणि मी नुसती हुं हुं करत राहिले. तेव्हा सुचलं नाही ते आज लिहिते आहे. ‘मर्डर ड्रोन्स’ या यूट्यूबवरच्या अ‍ॅनिमेशन मालिकेचा शेवट तुला पटला नाही, रूममेटला आवडला, आणि त्यावरून तुमचं चार दिवस बोलणं बंद आहे, याचं वाईट वाटलं. पण खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. गोष्ट कशी संपावी यावरून जिचा जीव एवढा खालीवर होतो, तिच्या हातून पुढेमागे गोष्टी लिहून होणारच.

काल मी आठही भाग पुन्हा पाहिले. सगळे मिळून अडीच-तीन तास. पाहता पाहता तुमच्या भांडणाचं एक मूळ सापडलं. पहिला भाग २९ ऑक्टोबर २०२१ ला आला, तेव्हा तू अकरावीत होतीस. दुसरा आला १८ नोव्हेंबर २०२२ ला. म्हणजे वर्षाहून जास्त काळ तू एका भागावर काढलास. शेवटचा आला २३ ऑगस्ट २०२४ ला. या जवळजवळ तीन वर्षांत तू पाटीवरची अक्षरं वाचलीस, मागच्या भिंतीवरची चिन्हं थांबवून थांबवून पाहिलीस, टेसा ही माणसांची मुलगी कोण, सिन नावाची रोबो कुठे, रोबोंच्या अंगात शिरणाऱ्या सॉल्व्हर या प्रोग्रॅमला काय हवंय, याचे तर्क लढवलेस. तुझ्या डोक्यात एक नववी गोष्ट तयार झाली होती. रूममेटनं मात्र सगळं एका रात्रीत पाहिलं. तिला उझी ही रोबो-मुलगी आणि तिला मारायला येऊन तिचा सोबती झालेला एन यांची गोष्ट दिसली आणि ती गोष्ट संपली तेव्हा ती रडली. दोघींनी पाहिलेली मालिका एकच, पण तुझ्या शेवटाला तुझ्या तीन वर्षांच्या तर्कांशी टक्कर द्यायची होती. तिच्या शेवटापुढे असलं काही नव्हतं. हे तिला सांग. तुला राग का आला ते तिला त्याशिवाय कळणार नाही.

आता तुझ्या शब्दाबद्दल. ‘आळशी लेखन’ असं तू तीनदा म्हणालीस. हा शब्द मागे घे, अशी माझी विनंती आहे. मालिकेचा लेखक लिआम विकर्स याच्या लेखनात दोष काढायचाच तर तो नेमका उलटा आहे. त्यात दाटी आहे. एका मिनिटात मारामारी, विनोद, जुन्या आठवणीची झलक आणि मागच्या स्क्रीनवर वाचायला अर्धा सेकंद मिळणारा मजकूर. आळशी लेखक मागच्या स्क्रीनवर काही लिहीतच नाही. तुला जे खुपलं ते हे, की महत्त्वाची गोष्ट आणि गमतीची गोष्ट एकाच वेगानं डोळ्यांसमोरून जाते. दोष नेमका सांगता आला की निम्मं भांडण मिटतं, कारण समोरचीला त्यावर काही म्हणता येतं. ‘आळशी’ म्हटलं की ती फक्त चिडू शकते.

तू तबला शिकलीस म्हणून तुला हे लगेच कळेल. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचा तुकडा, कितीही द्रुत असो, ती समेवर आली का हे आधी बघतात, बोल स्वच्छ वाजले का हा प्रश्न त्यानंतरचा. माझ्या मते हा शेवट समेवर येतो. बोल मात्र बरेच गिळले गेलेत.

सम कोणती, हे पहिल्या भागात आहे. तो परत लाव. कॉपर ९ नावाचा गोठलेला ग्रह, माणसं मरून गेलेली, त्यांनी कामाला जुंपलेले छोटे रोबो मागे उरलेले, आणि त्यांना मारायला पाठवलेले दुसरे रोबो. उझीचा बाप, खान, दारं बनवतो. दारांवर त्याचं मुलीपेक्षा जास्त प्रेम आहे की काय असं वाटावं इतका तो त्यांच्यात रमलेला. आणि ऐन वेळी तो काय करतो? मुलगी पलीकडे असताना दार लावून घेतो. बाहेर ती आणि तिला मारायला आलेला एन. त्या एका दृश्यानं मालिकेनं आपल्याला शब्द दिला: दार बंद झाल्यावर या मुलीच्या बाजूला कोण उभं राहतं, ते आम्ही दाखवू. पुढे सॉल्व्हर तिचा ताबा घेऊ लागतो, आपल्याकडे ‘अंगात येणं’ म्हणतात तसं तिचं होतं, आपल्याच हातांची तिला भीती वाटते. अशा वेळीही एन तिच्यापासून लांब जात नाही. शेवटी उझी सिनचं काळीज गिळते. सिन तरी पूर्ण संपत नाही, उझीच्यातच उरते. तुला ही पळवाट वाटली. मला तो या मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक निर्णय वाटतो. जे अंगात आलं ते उपटून फेकता आलं नाही, पण आता ती त्याच्यासोबत एकटी नाही.

पण पहिल्याच भागानं आणखी एक शब्द दिला होता आणि तो तुझ्या लक्षात राहिला, रूममेटच्या नाही. भागाच्या अखेरीस उझी म्हणते, पृथ्वीवर जाऊन माणसांचा हिशोब चुकता करायचा. त्या वाक्यानं केवढं मोठं आभाळ उघडलं होतं! मग गोष्ट ग्रहाच्या पोटात, प्रयोगशाळांमध्ये उतरली आणि तो हिशोब मागे पडला. तू वाट पाहत राहिलीस. तुझी तक्रार खोटी नाही. फक्त ती आठव्या भागाकडे करू नकोस. शब्द बदलला तो मध्येच कुठेतरी. कुठे ते शोध आणि तिथे बोट ठेव.

टेसाबद्दल मी पूर्ण तुझ्या बाजूची आहे. पाचव्या भागातल्या आठवणींत ती भेटते. टाकून दिलेल्या रोबोंना घरी आणणारी, एकाकी, प्रेमळ मुलगी. सातव्या भागात कळतं की त्या पोशाखात टेसा नाहीच, तिची कातडी पांघरलेली सिन आहे. धक्का म्हणून हे जबरदस्त आहे. पण धक्क्यानंतर एक मरण उरतं. टेसा मेली आहे, आणि ती एनची कोणीतरी होती. त्याला थांबून तिच्यासाठी दुःख करायला पुरेसा वेळच मिळत नाही. डॉलचंही, उझीच्या वर्गातल्या त्या रोबो-मुलीचंही, तसंच. तिसऱ्या भागात तिचा सूड किती ठसठशीत उभा केला होता, आणि ती जाते किती घाईनं. मारलेल्या पात्राचं सुतक गोष्टीनं पाळावं, एवढं तरी आपण लेखकाकडे मागू शकतो.

एनची जोडीदार मारेकरी रोबो व्ही, तिच्या परतण्यावर तुम्ही सगळ्यात जास्त भांडलात, ना? सहाव्या भागात ती मागे थांबते, आणि पहिल्या भागात हसत हसत फाडून खाणारी व्ही ती हीच का, असं वाटून माझा घसा दाटला होता. आठव्यात ती परत येते तेव्हा त्या निरोपाची किंमत कमी होते, हे खरंच. तरी शेवटच्या लढाईत ते तिघं एकत्र असायला हवे होते, असंही मला वाटतं. कौल देऊ शकत नाही. एवढंच सांगते, की तुझ्या रूममेटला तो क्षण आवडला म्हणजे तिला लेखन कळत नाही, हे तुझं वाक्य फार वाईट होतं. माफी माग.

‘बारा भाग हवे होते’ हा तुझा उपाय मला पटत नाही. माझा एक जुना अनुभव सांगते. मी एका दैनंदिन मालिकेच्या लेखनगटात होते, वाहिनीचं नाव राहू दे. एका सोमवारी निरोप आला की दहा दिवसांत गुंडाळा. चार बहिणींपैकी दोघींची लग्नं एका भागात लावली आणि तिसरीला परदेशी पाठवलं. चौथीचं काय झालं ते लिहायला जागाच उरली नाही. त्या चौथीचं मला आजही वाईट वाटतं. तो शेवट आमच्या हातातला नव्हता. विकर्सचं तसं नव्हतं. आठ भाग हे माप आधीच ठरलेलं होतं. ही मालिका काढणारा ग्लिच हा सिडनीतल्या दोन भावांनी उभा केलेला स्टुडिओ. भाग यूट्यूबवर फुकट दाखवायचे आणि बाहुल्या, टी-शर्ट विकून त्यातून पुढचं काम चालवायचं, असा त्यांचा हिशोब. अशा ठिकाणी प्रत्येक जादा मिनिट कुणाला तरी महिनोन्महिने बसून हलवायचं, उजळायचं असतं. म्हणून ‘जास्त हवं होतं’ म्हणू नकोस. याच आठांत काय काढलं असतंस, ते सांग. चौथ्या भागातली सहल काढशील? मग उझीचा स्वतःवरचा ताबा सुटायला लागतो ते कुठे ठेवशील? तिसऱ्यातला नाच काढशील? मग डॉल उभी कशी राहील? करून बघ, एक कागद घेऊन. मी काल रात्री केलं आणि दीड वाजला. टेसासाठी मला जेमतेम दोन मिनिटं मोकळी करता आली, तीही सातव्यातल्या एका मारामारीतून.

तुझ्या डिप्लोमाच्या फिल्मचा आराखडाही परत वाचला. पहिल्याच दृश्यात आजी पेटीला कुलूप लावते आणि किल्ली विहिरीत टाकते. पुढच्या सहा पानांत ना पेटी आहे, ना विहीर. समासात पेन्सिलीनं खूण केली आहे, बघ.

रविवारी दोघी या. चारपर्यंत मी घरीच आहे. पहिला आणि आठवा भाग लागोपाठ पाहू, मधले सहा सोडून. येताना वही आण आणि तिलाही एक आणायला सांग. भाग चालू असताना कुणी बोलायचं नाही. थालीपीठं मी करते.

तुझी,
ताई