मुदत संपलेल्या सिग्नल फ्लेअरची विल्हेवाट कशी लावायची?

तुम्ही विचारलंय की जुन्या होडीसोबत आलेल्या पेटीत तारीख उलटलेले सहा लाल हँड फ्लेअर (समुद्रात संकटात सापडल्यावर मदतीसाठी हातात धरून पेटवायच्या नळ्या) आणि दोन पॅराशूट रॉकेट (उंच जाऊन पॅराशूटला लटकत जळणारे संकेत) निघाले, ते दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री उडवून टाकले तर चालेल का.

अजिबात नाही. हे रॉकेट ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद लाल जळतं. ते पाहून कोणी तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन केला, तर तुमच्या गमतीपायी शोधमोहीम निघेल. संकट नसताना हे संकेत वापरायला समुद्री नियमांत बंदीच आहे. त्यात जुन्या रॉकेटचा नेम नसतो. दारूत ओल शिरली की ते आडवं सुटू शकतं, आणि पॅराशूट उघडलं नाही तर जळता गोळा थेट कुणाच्या तरी छपरावर.

बादलीत भिजवून ‘मारायचा’ सल्लाही ऐकू नका. हँड फ्लेअरचा निकषच असा की १०० मिलिमीटर पाण्याखाली १० सेकंद बुडवल्यावरही तो जळत राहिला पाहिजे! खाडीत टाकणं, पुरणं, फोडून दारू काढणं, सगळंच बाद. कचऱ्याच्या गाडीत गेला तर दाबयंत्राखाली पेटेल, आणि तिथे माणसं काम करतात.

आता करायचं काय? टोपण जागेवर आहे का, दोरी सुटलेली नाही ना, हे फक्त नजरेने बघा. नळी फुगलेली, गंजलेली किंवा सांध्यावर पांढरी पूड दिसली तर हात न लावता ११२ ला कळवा. बाकीचे मूळ वेष्टणातच, कोरड्या पेटीत, डिझेल-पेट्रोल, गॅस आणि मुलांपासून लांब ठेवा. पेटीवर ‘मुदत संपली’ असं ठळक लिहा. प्रकार, नग, कंपनी, बॅच नंबर, मुदतीचा महिना कागदावर उतरवा आणि गोव्यात पणजीच्या बंदर कप्तान खात्याला किंवा जवळच्या किनारी पोलिसांना फोन करून ते कोण, कुठे घेणार ते विचारा. पेटी घेऊन थेट दारात उभं राहू नका. कदंबा (गोव्याची सरकारी) बस, कुरियर, विमान तर नकोच. ही स्फोटकं आहेत.

नवे घेताना जुने परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा. लाइफराफ्टच्या (फुगवायच्या जीवरक्षक तराफ्याच्या) सर्व्हिसिंगमध्ये आतले मुदतबाह्य फ्लेअर तिथेच बदलतात, ती वेगळी डोकेदुखी नाही.

‘असू देत जादाचे’ म्हणून जुने होडीत ठेवणारे बरेच. मला ते पटत नाही. अंधारात, ओल्या हाताला नेमका जुनाच लागतो.