छतावरचे ऊन आधी कशासाठी वापरावे?

प्रश्न : छतावर जागा मोजकी आहे. पाणी तापवणे, घर थंड ठेवणे आणि वीज मिळवणे यांपैकी सौरऊर्जा प्रथम कशासाठी वापरावी?

उत्तर : गरम पाणी रोज लागत असेल, तर सुरुवात सौर बंबाने करावी, कारण वीज बनवणारे सौर पॅनेल उन्हातील साधारण २० टक्के ऊर्जेचीच वीज करते, तर चांगला सौर बंब त्याच उन्हातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा पाण्यात उतरवू शकतो. उरलेल्या जागेत पॅनेल छतापासून थोडे उंच बसवावेत, म्हणजे खालून वारा खेळतो, छतावर सावली राहते आणि पॅनेलही कमी तापतात. तापलेल्या पॅनेलची वीजनिर्मिती घटते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. वातानुकूलनाचा भार भर उन्हात वाढत असल्याने ही वीज थेट तिथे वापरता येते. त्यामुळे वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटरीची घाई करू नये.